फोनवरचे दुकान आणि त्याची वही

आपल्या ट्रस्टच्या सभागृहात गेले दीड वर्ष दर रविवारी सकाळी एक छोटा वर्ग भरतो. घरी काही ना काही तयार करून ते फोनवरून विकणाऱ्या, किंवा विकू पाहणाऱ्या, भगिनींसाठी तो आहे. कोणी शहापुरातून येतात, कोणी वडगाव-अनगोळहून, दोघी-तिघी तर थेट खानापूरहून सकाळची गाडी धरून येतात. आम्ही पेशाने शाळामास्तर. गणित व शास्त्र हे आमचे विषय. व्यापार आम्ही कधी केला नाही. तरीही विश्वस्तांनी हा वर्ग आमच्या गळ्यात घातला, कारण हिशेब आणि यंत्र या दोन्हींची आम्हांस भीती वाटत नाही असा त्यांचा समज आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्या वर्गातील काही पाठ थोडक्यात मांडावेत अशी सूचना झाली. तदनुसार हा लेख.

पहिल्याच रविवारी आम्ही फळ्यावर तारीख, जमा, खर्च, बाकी असे चार रकाने आखले, तेव्हा मागच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, "मास्तर, आमी अ‍ॅप शिकायला आलोय. वही कशाला? हिशेब डोस्क्यात हाय की!" सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. या मावशी आपल्या सुनेबरोबर आल्या होत्या. सून आमची माजी विद्यार्थिनी. दोघी मिळून हाताने गोधड्या शिवतात. खेड्याकडच्या जुन्या पद्धतीची, बारीक धावदोऱ्याची गोधडी; टाका असा की मशीनने घातला म्हणावे. सुनेने तिची छायाचित्रे फोनवर टाकली आणि पुण्या-मुंबईहून, बंगळूरहून मागण्या येऊ लागल्या. एक गोधडी टपालखर्चासह १,४०० रुपयांस जात होती. पुढील पाठांत आम्ही वारंवार याच गोधडीचे उदाहरण घेतले, आणि या लेखातही तेच घेतो.

मावशींच्या डोक्यातील हिशेब असा होता : कापडाला चारशे गेले, बाकी हजार हातात राहिले. आम्ही सुनेस म्हटले, एका गोधडीला लागणारी प्रत्येक वस्तू लिहून आण, सुतळीचा तोडासुद्धा सोडू नकोस. आणि दोघींनी मिळून किती तास टाके घातले तेही घड्याळ पाहून लिही. पुढच्या रविवारी तिने आणलेला कागद फळ्यावर उतरवला. वरचे कापड ४१० रुपये, आतले अस्तर व भरण १६०, दोरा ४०, पिशवी व चिकटपट्टी २५, कुरियर २६५. बेरीज ९००. विक्री १,४००, म्हणजे उरले ५००. आणि तास? पंचवीस. पाचशेला पंचविसाने भागा असे आम्ही मुलांना सांगावे तसे वर्गाला सांगितले. उत्तर वीस आले. तासाला वीस रुपये! मावशी काही वेळ गप्प बसल्या. मग एवढेच म्हणाल्या, "भांगलणीला गेले असते तर जास्ती पडले असते." त्या दिवशी वहीवरचा आक्षेप संपला.

पुढे त्यांनी किंमत १,९०० केली आणि टपालखर्च वेगळा घेऊ लागल्या. म्हणजे ६३५ रुपयांचे सामान वजा जाता १,२६५ उरतात, तासाला पन्नासच्या थोडे वर. मागण्या काहीशा कमी झाल्या हे खरे. परंतु आता रात्री दिव्याखाली बसावे लागत नाही. किंमत वाढवावी की नाही हे ठरवणे आमचे काम नव्हते. ते ठरवायला लागणारा आकडा त्यांच्यापुढे यावा एवढेच आम्ही पाहिले.

हा हिशेब वहीत ठेवावा की फोनमधील तक्त्यात, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. आमचे उत्तर : जो रोज लिहून होईल त्यात. ज्यांना फोनवर लिहिणे सुलभ वाटते त्यांनी गूगल शीट्स अथवा एक्सेल यांसारखा तक्ता वापरावा. दोन्ही फोनवर चालतात, आणि सामान्य वापरास पैसे पडत नाहीत. एका मागणीस एक ओळ. रकाने असे : मागणीचा अनुक्रमांक, तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, गाव व पिनकोड, वस्तू, किंमत, टपालखर्च, आलेली रक्कम, पैसे आल्याचा संदर्भ क्रमांक, माल पाठवल्याची तारीख, पार्सलचा क्रमांक, शेरा. बारा रकाने पाहून घाबरू नये. एका मागणीस भरायला दोन मिनिटे पुरतात.

तक्त्याच्या दोन खोडी मात्र ध्यानात ठेवाव्यात. एका भगिनीने महिनाभर रकमेच्या घरात "१२०० रु." असे लिहिले आणि शेवटी बेरीज मागितली तर तक्त्याने शून्य दाखवले. यंत्र बिघडले असे तिला वाटले. वास्तविक आकड्याला "रु." जोडताच तक्ता त्यास आकडा न मानता अक्षरे मानतो, आणि अक्षरांची बेरीज कशी करणार? आकड्याच्या घरात केवळ आकडा लिहावा. रुपयाचे चिन्ह हवेच असेल तर ते त्या घराच्या मांडणीतून द्यावे. ओळखण्याची खूण सोपी आहे : तक्ता ज्याला आकडा समजतो तो आपोआप उजवीकडे सरकतो, ज्याला अक्षर समजतो ते डावीकडे राहते. दुसरी खोड याच्या उलट. यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा अंकी असतो. तो एक्सेलमध्ये तसाच टाकला की तक्ता त्यास प्रचंड संख्या समजून मध्ये टिंब आणि शेवटी इंग्रजी ई घालून आखडून दाखवतो. हा क्रमांक काही बेरजेचा नव्हे, ती ओळखीची खूण आहे. म्हणून त्या रकान्यास आधीच अक्षरांचा रकाना करून ठेवावा.

येथे थोडे विषयांतर करतो. आमचे आजोबा खडेबाजारात शिवणकाम करीत. त्यांची वही उर्दूत असे. ज्या व्यापाऱ्याकडून ते उधारीवर कापड घेत त्याची रोजकीर्द मराठीत. वर्षाअखेर दोघे दोन वह्या घेऊन समोरासमोर बसत. लिपी वेगळी, पण जमा म्हटले की जमा, खर्च म्हटले की खर्च, बाकी म्हणजे बाकी आणि वसूल म्हणजे वसूल. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठीच्या घरात कधीच राहायला आले आहेत, आणि हिशेब हा शब्दही त्याच वाटेने आला. सांगायचे तात्पर्य इतकेच की ताळा पाहण्याची ही रीत जुनी आहे. आज एका बाजूला आपला तक्ता आणि दुसऱ्या बाजूला बँकेचे विवरण ठेवून महिन्यातून एकदा तसाच ताळा पाहावा.

बँकेचा विषय निघालाच आहे, तर या वर्गातील सर्वांत महत्त्वाचा पाठ तोच, असे आम्हांस वाटते. धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्याहून वेगळे असावे. या सुनेच्या खात्यावर एका वर्षात १,८६,००० रुपये जमा झालेले दिसत होते. विक्री होती ७४,०००. बाकीचे काय? गल्लीतील भिशी तिच्याकडे होती, तिचे हप्ते फोनवरून येत. दीर गोव्याहून घरखर्चास पैसे पाठवी ते त्याच खात्यात. नणंदेने उसने घेतलेले परत केले तेही तेथेच. घरात हे सर्वांस ठाऊक आहे. पण कागदावर पाहणाऱ्या तिऱ्हाइताला ती सगळी विक्रीच दिसणार.

ही भीती काल्पनिक नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने राज्यातील पुष्कळ छोट्या दुकानदारांस नोटिसा पाठवल्या. २०२१-२२ ते २०२४-२५ या वर्षांत त्यांच्या यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून, तुमची उलाढाल मर्यादेपलीकडे गेली असताना जीएसटीची नोंदणी का केली नाही, असे त्यांत विचारले होते. दूध, भाजी असा करमुक्त माल विकणारेही त्यात सापडले. बंगळुरात कित्येक दुकानांवरील क्यूआरचे कागद निघाले आणि "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने जुन्या बाकीच्या वसुलीवर भर न देता दुकानदारांनी नोंदणी करून घ्यावी असे धोरण जाहीर केले आणि प्रकरण निवळले. परंतु ज्यांच्यापाशी वही होती त्यांना उत्तर देणे सोपे गेले असणार, आणि ज्यांच्या खात्यात घर व दुकान एकत्र कालवलेले होते त्यांना किती जड गेले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आमच्या वर्गातील दोघींनी त्या बातम्या वाचून क्यूआर फाडून टाकला होता. आम्ही त्यांना तो पुन्हा लावायला सांगितला. मात्र वेगळ्या खात्याचा.

आता जीएसटीची मर्यादा. केवळ माल विकणाऱ्यांस कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही वर्षाच्या चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः नोंदणी लागत नाही. सेवा देणाऱ्यांस ही मर्यादा वीस लाखांची आहे. हे ऐकून वर्गात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चाळीस लाख कोण पाहणार! पण आम्ही सीमेवर राहतो हे येथे विसरून चालत नाही. कायद्यात असे आहे की, नोंदणी नसलेल्या माणसाने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकू नये. विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी घ्यावी. म्हणजे बेळगावच्या भगिनीने सुमारे पाचशे किलोमीटरवरील बंगळुरात गोधडी पाठवली तर ती राज्यातल्या राज्यात झाली. आणि शहराबाहेर थोड्याच अंतरावर असलेल्या, चंदगड तालुक्यातील शिनोळीला दिली तर ती परराज्यात गेली! शिनोळीला आमच्या कित्येकांच्या मावश्या-आत्या दिलेल्या आहेत. नकाशावरची रेघ आम्ही मास्तर लोक रोज फळ्यावर काढतो, पण ती पार्सलाच्या चिठ्ठीवर अशी उमटेल असे वाटले नव्हते.

यास अपवाद आहेत. सरकारने हस्तकलेच्या मालाची एक यादी काढली आहे. त्या यादीतील माल, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, नोंदणीवाचूनही परराज्यात पाठवता येतो. मात्र पॅन व ई-वे बिल या अटी पाळाव्या लागतात. सेवेच्या बाबतीतही वीस लाखांपर्यंत परराज्याची आडकाठी नाही. म्हणजे शिकवण्या घेणारी किंवा नक्षीचे आराखडे काढून देणारी बाई कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाचे काम निर्धास्त करू शकते. मोठ्या विक्री-संकेतस्थळांवरून माल विकायचा असेल तर पूर्वी प्रत्येकास नोंदणी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन देऊन एक क्रमांक घ्यायचा. पण ही सूटही आपल्या राज्यातल्या विक्रीपुरतीच आहे. पुन्हा तीच रेघ. तेव्हा आपला माल यादीत बसतो की नाही, आणि नोंदणी घेणे फायद्याचे की तोट्याचे, हे एखाद्या करसल्लागारास एकदा पैसे देऊन विचारावे. ज्यांची बहुतेक गिऱ्हाइके पुण्या-मुंबईची आहेत त्यांना नोंदणी घेऊन टाकणेच बरे, असे आमचे मत झाले आहे. गोधडीवाल्या सुनेने ती घेतली. दर महिन्या-तिमाहीस विवरण भरण्याची कटकट मागे लागली खरी, पण तक्ता तयार असल्यामुळे सल्लागाराचे काम अर्ध्या तासात होते.

आता पैसे घेण्याविषयी. यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली आणि इतक्या थोड्या वर्षांत भाजीच्या पाटीपर्यंत पोचली. तिच्यासंबंधी वर्गात आम्ही एकच वाक्य पाठ करून घेतो : पैसे येताना पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे जाताना. (पिन या शब्दाने वर्गात फार गोंधळ होतो. पत्त्याचा पिन, यूपीआयचा पिन आणि व्हॉट्सअ‍ॅपचा पिन हे तिन्ही निरनिराळे. पहिला सर्वांस सांगावा, दुसरा-तिसरा कोणासही नाही.) हे वाक्य पाठ असूनही वर्गातील एक शिकलेली मुलगी फसली. आपण कॅम्पातले सैनिक आहोत, पलटणीसाठी दहा गोधड्या हव्यात, असे एकाने फोनवर सांगितले. बोलणे अदबीचे, ओळखपत्राचे चित्रही धाडले. "आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर उघडा आणि पिन टाका, म्हणजे तुमच्या खात्यात जमा होईल." तिने टाकला, आणि ४,८०० रुपये गेले. सैनिकाचा मान आपल्या भागात मोठा. घरोघरचा कोणी ना कोणी फौजेत गेलेला. ठकांनी नेमके तेच हेरले.

तिने एक गोष्ट चांगली केली. रडत न बसता तडक १९३० या क्रमांकावर फोन केला. फसवणुकीची तक्रार नोंदवण्याचा हा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडकवून ठेवण्याची शक्यता अधिक असते. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, वेळ व रक्कम हाताशी असावी. आपल्या तक्त्यातील संदर्भ क्रमांकाचा रकाना अशा वेळीही उपयोगी पडतो. व्यक्तीकडून व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची यूपीआयमधील सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे फसवणुकीची एक वाट बुजली. खोट्या क्यूआरची मात्र बुजलेली नाही. आणखी एक : गिऱ्हाइकाने धाडलेले "पैसे दिले" असे चित्र म्हणजे पैसे नव्हेत. असे चित्र कोणीही दोन मिनिटांत बनवतो. आपल्या खात्यात रक्कम दिसल्यावाचून पार्सल उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये.

दुकानाची दर्शनी बाजू, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणे. वर्गातील बहुतेकजणी यासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरतात. २०१८ साली निघालेले हे अ‍ॅप छोट्या दुकानदारास फुकट मिळते. त्यात वस्तूंची चित्रे व किमती मांडण्यास कॅटलॉग आहे. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवण्याची सोय आहे. आणि गिऱ्हाइकांस रंगीत खुणा लावता येतात, जसे पैसे यायचे, माल जायचा, पूर्ण झाले. आपल्याकडे एकच उत्तर मराठी, कानडी व हिंदी अशा तीन भाषांत लिहून ठेवावे लागते. एकीने कानडी उत्तर शेजारणीकडून लिहून घेतले, त्या बदल्यात शेजारणीस मराठी लिहून दिले. धंद्यासाठी शक्यतो वेगळा क्रमांक घ्यावा. नाहीतर रात्री अकरास नवऱ्याच्या हातात फोन असताना कोणीतरी गोधडीची लांबी विचारतो.

मराठी लिहिण्याबद्दल एक सूचना. छापखान्यातून किंवा डीटीपीच्या दुकानातून करून घेतलेला मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असला तर तो फोनवर घेताच त्याचे निरर्थक इंग्रजी चिन्हांत रूपांतर होते. अक्षरे बिघडत नाहीत. त्या फॉन्टने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असतात, आणि फोनला ते ठाऊक नसते. दुकानदारास "युनिकोडमध्ये द्या" एवढे सांगावे. ज्यांना टंकन जड जाते त्यांनी कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबून बोलावे. फोन मराठी बऱ्यापैकी लिहितो, बेळगावी उच्चार मात्र त्यास अधूनमधून समजत नाहीत. मावशींच्या "वाकळ" या शब्दाचे तर त्याने काय काय केले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

छायाचित्रांविषयी फार सांगायला नको. सकाळी खिडकीजवळ, दिवा न लावता, साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर काढावे. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहावी. रंग जसा आहे तसाच दाखवावा. फोनवर खुलवलेला लाल रंग आणि हातात आलेला लाल रंग यांत फरक पडला की गोधडी परत येते, आणि परतीचे भाडे आपल्यावर बसते.

भाड्याचा प्रश्न गणिताचा असल्यामुळे त्यात आम्हांस विशेष गोडी वाटली. सुनेने पहिली गोधडी चांगल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पुण्यास पाठवली. गोधडीचे वजन अडीच किलो. कुरियरवाल्याने आकार लावला नऊ किलोचा! काट्यात खोट आहे म्हणून तिने भांडण काढले. खोट काट्यात नव्हती. कुरियरवाले वजन दोन प्रकारे पाहतात. एक काट्यावरचे, दुसरे जागेचे. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्यास ठरलेल्या आकड्याने भागायचे. बरेच कुरियरवाले ५,००० ने भागतात, तरी ज्याने-त्याने आपल्या कुरियरकडे विचारून घ्यावे. खोके होते ४५ × ४० × २५, गुणाकार ४५,०००, भागाकार ९. दोहोंत जे अधिक त्यावर भाडे. कारण गाडीत जागा अडते ती आकाराने. मग आम्ही वर्गातच ती गोधडी घट्ट गुंडाळून, दोरीने आवळून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातली. माप भरले ४० × ३० × १५, म्हणजे १८,००० भागिले ५,०००, म्हणजे ३.६. खोक्याऐवजी पिशवी वापरल्याने नवाचे चार झाले. घनफळाचा हा धडा सातवी-आठवीच्या मुलांना आम्ही वीस वर्षे शिकवतो. त्यांच्यातील कोणी तो इतक्या तन्मयतेने शिकल्याचे स्मरत नाही.

टपालाने पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की १ सप्टेंबर २०२५ पासून देशातील रजिस्टर टपाल स्पीडपोस्टात विलीन झाले. "रजिस्टर करून द्या" असे अजून सवयीने तोंडात येते. पावतीवर तेरा चिन्हांचा क्रमांक असतो, आरंभी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरे. तो गिऱ्हाइकास त्याच दिवशी कळवावा, निम्मे "कुठे पोचले?" बंद होतात.

आणि पत्त्यावर पिनकोड. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी मराठी भाषिक आणि संस्कृतचे नामांकित कवी होते, ही गोष्ट मुलांना सांगितली की त्यांना मौज वाटते. एकाच नावाची गावे, भाषांची भिन्नता आणि अपुरे पत्ते यांवर तोडगा म्हणून हे सहा आकडे आले. आमच्या भागाइतकी त्यांची गरज क्वचितच कुठे असेल. शहापूर बेळगावात आहे, ठाणे जिल्ह्यात आहे, यादगीरकडेही आहे. वडगाव तर किती! बेळगावचे, कोल्हापूरकडचे पेठ वडगाव, पुण्याकडचे मावळातले. एका भगिनीचे मसाल्याचे पार्सल वडगावहून वडगावला जायला निघाले आणि पिनकोड नसल्यामुळे चार दिवसांनी तिच्याच दारात परत आले. आपला कोड ५९० ने, कोल्हापूरचा ४१६ ने, गोव्याचा ४०३ ने सुरू होतो, एवढे जरी पाठ असले तरी चुकीचा पत्ता डोळ्यास खटकतो.

राहिली एक गोष्ट. गेल्या दिवाळीच्या तोंडावर, मागण्यांची गर्दी असताना, एका भगिनीचा फोन धुण्याच्या बादलीत पडला. तिची सगळी मागणीयादी, पत्ते, कोणाचे पैसे आले नि कोणाचे यायचे, सर्व त्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर होते आणि बॅकअप बंद होता. बंद का? "जागा भरली" असा निरोप वरचेवर येई म्हणून तिने तो स्वतःच बंद केला होता. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगल खात्याच्या फुकट मिळणाऱ्या पंधरा जीबी जागेत मोजला जातो; ती जागा लग्नाच्या चित्रफितींनी भरली की धंद्याच्या नोंदींस वाव राहत नाही. चित्रफिती बॅकअपमधून वगळता येतात, ते तिला माहीत नव्हते. ती बिचारी जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनची वाट पाहत बसली. दोघांना दोनदा माल गेला, तिघांना गेलाच नाही. त्यांतील एक गिऱ्हाईक अजून तिच्याशी बोलत नाही.

तेव्हापासून वर्गात दर शनिवारची रीत घातली आहे. बॅकअप झाला की नाही ते पाहायचे. तक्त्याची एक प्रत घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर किंवा संगणकावर ठेवायची. आणि ज्या मागण्या अजून जायच्या आहेत त्यांची नावे, पिनकोड व रकमा साध्या कागदावर उतरवायच्या. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा अंकी पिन घालून ठेवायचा, म्हणजे कोणी गोड बोलून ओटीपी काढून घेतला तरी त्याला तुमच्या नावाचे दुकान सहजासहजी उघडता येणार नाही. या कागदावर उतरवण्याच्या कामात आमच्या मावशी सर्वांत पुढे आहेत. सून तक्ता भरते, आणि मावशी शाळेच्या वहीत पेन्सिलीने तीच ओळ लिहितात. मागच्या महिन्यात दोन्हींचा ताळा घेतला तेव्हा २६५ रुपयांचा फरक आला. चूक तक्त्यात निघाली. एक कुरियरचा आकार घालायचा राहिला होता.

बारा रकान्यांच्या त्या तक्त्याची कोरी प्रत ट्रस्टच्या कचेरीत ठेवलेली आहे. फोन घेऊन आल्यास ती कोणासही उतरवून मिळेल; ज्यांना वहीच हवी त्यांच्यासाठी आखीव कागदही छापून ठेवले आहेत. वर्ग रविवारी सकाळी दहाला भरतो.